मुठीतला वास

बस पावण्याच्या एमआयडीसीतल्या नाल्यावर आली आणि सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले. आधी एकानं, मग दुसऱ्यानं असं नाही; गुरुजींनी विचारल्यावर वर्गभर हात वर व्हावेत तसे. खिडकीशी बसलेल्या बाईनं पदर तोंडावर ओढला, कंडक्टरनं तिकिटांची पेटी काखेत मारून मनगट नाकाशी धरलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी केमिकलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शहाजीचाही हात खिशाकडे गेला. रुमाल अर्धा वर आला आणि तिथंच थांबला. गेलं वर्षभर तो हे असंच करत आला होता. माणसांचे चेहरे बघायचे, आणि ते जसे होतील तसा आपला करायचा. लोक नाक मुरडतात, आपणही मुरडायचं. लोक डोळे मिटून आहाहा म्हणतात, आपणही म्हणायचं. पण आज त्याच्या मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत कोर्टाचे कागद होते, आणि काल संध्याकाळी शेजारच्या पोपटनं दारात उभं राहून बजावलं होतं, "उद्या बसमधी, रस्त्यात, कुठंबी आसशील, कंपनीचा मानूस बघतोय आसं धरूनच ऱ्हायचं. नाक धरलंस की मेलास." आता रुमाल लावावा तर कंपनीच्या माणसाला सापडतो, न लावावा तर शेजारची बाई पदराआडून असं बघत होती, की जणू ही घाण त्यानंच केली आहे. रुमालाचं काय करावं ते न कळून त्यानं कपाळ पुसलं. कपाळावर घाम नव्हता. बस नाल्यावरून पुढं गेली, रुमाल खाली आले, आणि शहाजीनं मान वळवून मागं राहिलेला तो काळा नाला पाहिला. दिसायला तो नेहमीसारखाच होता.

वास गेला होता. हे वाक्य त्याला अजून धड म्हणता येत नसे. हात गेला, पाय गेला, नोकरी गेली, असलं जाणं लोकांच्या ओळखीचं असतं. ऐकणारा लगेच चुकचुकतो, बसायला जागा देतो. वास गेला म्हटलं की माणूस आधी हसतो. कोपरखैरण्यातल्या त्याच्या खोल्यांच्या ओळीतल्या एकानं तर टाळी मागितली होती, "साला, या खाडीच्या कडेला ऱ्हाऊन वास गेला म्हंजे तुला लॉटरीच लागली की रे!" शहाजीनं टाळी दिली होती. न देऊन काय करणार? गेलेली वस्तू दाखवता येत नाही. पोपटच्या डाव्या हाताची दोन बोटं पावण्यातल्याच एका कारखान्यात प्रेसखाली गेली होती. तो नुसता हात पुढं करायचा आणि समोरचा गप्प व्हायचा. शहाजीचं नाक जागच्या जागी होतं, चांगलं सरळ, साताऱ्याकडच्या त्याच्या घराण्यात सगळ्यांचं असतं तसं. आरशात बघितलं की त्याला त्या नाकाचाच राग यायचा.

ज्या कंपनीत हे घडलं ती एसेन्सची कंपनी होती. गुलाब, केवडा, वेलची, अननस, व्हॅनिला; सरबतवाले, बिस्किटवाले, आइस्क्रीमवाले तिथून डबे न्यायचे. शहाजीचं काम ड्रममधून डब्यांत माल भरायचं. दिवसभर जे भरायचा त्याचा वास अंगाला असा चिकटायचा, की साबणानंही जायचा नाही. संध्याकाळी घरी आला की जयमाला, त्याची बायको, दारातच त्याच्या खांद्याला नाक लावायची. "आज अननस," म्हणायची. किंवा "आज वेलची, पन सकाळी कायतरी दुसरं हुतं, व्हय का न्हाई?" ती कधीच चुकली नाही. लग्नानंतर गावाकडून या सिडकोच्या बैठ्या खोलीत आली तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं, आणि नवराही मुलखाचा अबोल; तेव्हा हा एक खेळ त्यांना सापडला. काही नवराबायको भांडतात, काही पत्ते खेळतात, ही दोघं हे करायची. शहाजीला ते खांद्यावरचं नाक दिवसभर आठवत राहायचं. दुपारी वेलचीचा ड्रम उघडताना त्याच्या मनात यायचं, आज हिला फसवायचं, शेवटी थोडा केवडाही भरायचा. आता त्या दिवसांत तो आठवणीनं जायचा तेव्हा खोली दिसायची, दार दिसायचं, जयमालाचे ओले हात दिसायचे, पण मधे काच असावी तसं सगळं. वेलची हा शब्द तेवढा आठवायचा. वेलची आठवायची नाही.

चौऱ्याण्णवच्या मार्चात मागच्या गोदामात ॲसिडचा कारबॉय, काचेचा मोठा बुधला, फुटला. कुणी फोडला, कसा फुटला, हे कधीच कळलं नाही. शहाजी एकटाच आत होता आणि दार उंदरांच्या भीतीनं लावून घेतलेलं होतं. पांढरा धूर जमिनीवरून सावकाश आला. पळावं हे त्याला सुचायला फार उशीर लागला; आधी त्यानं, मालाचं नुकसान नको, म्हणून वेलचीचे डबे बाजूला केले. ही त्याची हुशारी नंतर त्याला रात्रंदिवस डसत राहिली. बाहेर आला तेव्हा डोळ्यांत निखारे, छातीत निखारे. शेठनं आपल्या गाडीत घालून नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं, वाटेत स्वतः पाणी पाजलं, आणि डॉक्टरला म्हणाला, डोळ्यांना काही होता कामा नये बघा. डॉक्टरनं डोळे धुतले, थेंब दिले, खोकल्याचं औषध दिलं. कागदावर लिहिलं, डोळ्यांची जळजळ, खोकला. नाकाचं काही लिहिलं नाही, कारण नाकाचं कुणी सांगितलं नाही. कागदाला तेवढंच माहीत असतं. त्या संध्याकाळी जयमालानं खांद्याला नाक लावलं आणि ती खोकत मागं सरली. "ह्ये काय आनलंय आज?" म्हणाली. त्यानंतर ती पुन्हा खांद्याला नाक लावायची, नाव सांगायची, आणि तो मान हलवायचा. बरोबर आहे की नाही हे त्याला ड्रमवरची चिठ्ठी आठवून ठरवावं लागायचं.

सुरुवातीला त्याला वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, उतरेल. मग वाटेना. एसेन्सच्या कंपनीत नाक नसलेला माणूस म्हणजे हॉटेलात हात नसलेला आचारी. सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून त्यानं सांगितलं नाही. शेठला नाही, बरोबरच्यांना नाही, जयमालालाही नाही.  एकदा तो दारात आला, ती स्टोव्हशी पाठमोरी होती, कढईत काहीतरी लाल शिजत होतं, आणि तिच्या पाठीवरून त्याला कळलं की आज तिनं मन लावून केलं आहे. तो म्हणाला, "मस्त वास सुटलाय." तिनं वळून बघितलं. चेहरा असा उजळला, की ते खोटं त्याला खोटं वाटेना. मग तो रोज म्हणू लागला. मस्त वास सुटलाय. बायकोला एवढं पुरतं, असं त्याला वाटलं. रात्री ती झोपल्यावर तिच्या केसांशी तोंड नेऊन तो श्वास घ्यायचा, आणि नुसता वारा आत यायचा. पेटीत आईची गोधडी होती, आई गेल्यावर गावाहून आणलेली. चुलीचा, आईचा, पावसाळ्यातल्या घराचा सगळा साठा त्या गोधडीत होता. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यानं ती काढली आणि तोंडावर दाबून धरली. कापड होतं. जुनं, मऊ, कुणाचंही नसलेलं कापड. त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला, आणि आई गेली तेव्हा एवढं रडू आलं नव्हतं याची त्याला लाज वाटली.

मग ऐन मे महिन्यात गुलाबाच्या डब्यांत केवडा गेला. ड्रमांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, आणि चिठ्ठ्या पूर्वी कोण वाचत होतं? भिवंडीच्या सरबतवाल्याचं सगळं सरबत वाया गेलं. तो कंपनीत येऊन जे बोलला ते शेठनं शब्दाशब्दानं शहाजीला बोलून दाखवलं. पिऊन काम करतोस काय? शहाजी दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. तेव्हा कुठं त्याच्या तोंडून निघालं, शेठ, मला वास येत नाही, ॲसिड फुटलं तेव्हापासून. शेठ त्याच्याकडं बघत राहिला, आणि मग मोठ्यानं हसला. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला आत घेतलं नाही. त्या संध्याकाळी जयमालालाही सगळं सांगावं लागलं.

भरपाईचा दावा लावायचा हे पोपटनंच ठरवलं. त्याच्या बोटांचा दावा त्यानं स्वतः लढवून जिंकला होता आणि तेव्हापासून सगळ्या ओळीचा तो वकील होता. खरा वकीलही त्यानंच गाठून दिला. कंपनीचं उत्तर आलं ते शहाजीनं इतक्यांदा वाचलं होतं, की कागद घडीवर विरला होता. सदर कामगारास अपघातात नाकास कोणतीही इजा झालेली नाही. त्या दिवशीच्या दवाखान्याच्या नोंदीत तसा उल्लेख नाही. त्यानंतरही तो अनेक आठवडे तक्रार न करता काम करत होता. वास न येण्याची गोष्ट त्याला कामावरून काढल्यानंतर सुचलेली आहे. सुचलेली या शब्दापाशी तो दरवेळी थांबायचा. वाशीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, की रुग्ण वास येत नसल्याचे सांगतो. सांगतो. ती चिठ्ठीही नोकरी गेल्यानंतरची. कागदांमधे एक भोक होतं, अपघातापासून हाकलून देईपर्यंतचं, आणि त्या भोकात शहाजी एकटा बसलेला होता, मस्त वास सुटलाय म्हणत. शेवटी कोर्टानं त्याला मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात तपासून घ्यायला सांगितलं. तिथली डॉक्टर जे लिहील ते दोन्ही बाजूंनी मानायचं. वकील म्हणाला, आता सगळं त्या एका कागदावर. पैशांचं तर होतंच. पण शहाजीला त्या कागदावर एकच वाक्य हवं होतं, की हा माणूस खरं बोलतो आहे. ते वाक्य फ्रेम करून भिंतीला लावावं असं त्याच्या मनात कितीदा येऊन गेलं.

"तपासनी म्हंजे तुला फशिवनार," पोपट म्हणाला. तो खाटेवर बसला होता आणि उरलेल्या बोटांनी चहाची बशी सांभाळत होता. "माझ्या टायमाला काय केलं ठावं हाय? ह्या बोटांत सुई खुपसली डाक्टरनं. बघत हुता, वरडतोय का. डोळ्यापुढं काजवं चमकलं, पन म्या म्हटलं, काय न्हाय साहेब, सगळा हात बधिर हाय. लिवलं त्येनं बधिर. अपंगपनाचं टक्के वाढलं. आपन दगड व्हायचं शहाजी, दगड."

"पण पोपटराव, मला खरंच येत नाही वास."

"खरंच येत न्हाय म्हनूनच सांगतुया. खोटं बोलनाऱ्याला सवय आसती. गडबड हुती ती खऱ्या मानसाची."

हे शहाजीला पटलं. जयमालाला तर फारच पटलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की ती त्याला समोर बसवायची. "डोळं मिटा." तो मिटायचा. मग डबे उघडल्याचे आवाज यायचे, आणि जरा वेळानं बांगड्यांची किणकिण जवळ जवळ येऊन नाकापाशी थांबायची. तिच्या बंद मुठीत काहीतरी असायचं. हिंग, जिरं, कापूर, रॉकेलचा बोळा, एकदा सुकट. काही म्हणजे काही कळायचं नाही. डोळे उघडून त्यानं मूठ बघितली की ती हसायची, "सुकट हुतं वो! सगळी आळी जमा झाली आसती!" आणि तोही हसायचा. कित्येक महिन्यांत ती दोघं अशी समोरासमोर बसली नव्हती. नोकरी गेल्यापासून ती वाशीला दोन घरी पोळ्या लाटायला जात होती, घरी येऊन गप्प पडायची, आणि तो तिचं गप्प पडणं बघत बसायचा. आता जुना खेळ उलटा होऊन परत आला होता. आधी ती ओळखायची, आता त्यानं ओळखायचं नव्हतं. बांगड्या जवळ आल्या की मिटल्या डोळ्यांआड त्याला फार बरं वाटायचं. कुणीतरी आपल्या तोंडापर्यंत हात आणतं आहे, एवढंसुद्धा पुष्कळ असतं.

एके दिवशी मूठ आली आणि नाकातून कपाळापर्यंत काहीतरी गार, लख्ख, सरळ रेघ ओढल्यासारखं गेलं. तो ओरडलाच. "आलं! जया, आलं!" तिच्या हातून बाटली पडली. बामची बाटली होती. "काय आलं? वास आला?" त्याला सांगता येईना. "वास नाही. गार आलं. गार गार काहीतरी." तिनं बाम पुन्हा धरला, मग कांदा चिरून धरला, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं, नाकात टोचलं, पण तो कांदा आहे हे काही कळेना. तरी दोघं दोन दिवस हवेत होती. ती तुळजापूरला नवस बोलली. मग पोपट आला, त्यानं सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "ह्येच! हितंच मारनार बघ तुला. आसलं कायतरी लावतील, तू हललास की लिवतील, येतोय ह्याला वास. गार न्हाई, गरम न्हाई, झोंबतंय न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई." त्यानंतर जयमालानं फक्त बाम आणि कांदा घेतला. ती कडक मास्तरीण निघाली. "पापनी हलली. परत." "नाकपुडी फुगली. परत." शहाजी श्वास अर्ध्यावर धरायला शिकला, जीभ टाळूला दाबून झोंबणं गिळायला शिकला, आणि शेवटी असा दिवस आला की चिरलेला कांदा नाकाला टेकला तरी त्याचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा राहिला. त्यानं डोळे उघडले तेव्हा जयमाला हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "लई चांगलं जमतंय तुमाला," ती म्हणाली, आणि कांदा घेऊन मोरीकडे गेली.

इस्पितळात दोन जिने, एक लांबलचक व्हरांडा, आणि बाकावर सगळे दुखणेकरी. कुणाच्या कानाला पट्टी, कुणाचा गळा सुजलेला. प्रत्येकाकडं दाखवायला काहीतरी होतं. शहाजी पिशवी छातीशी धरून बसला. समोरून फिनेल टाकत एक बाई फरशी पुसत गेली आणि शेजारच्यानं तोंड वाकडं केलं. शहाजीनं केलं नाही. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो इतक्या झटक्यानं उठला की कागद खाली सांडले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी कागद एकेक करून वाचले. दवाखान्याचा पहिला कागद दोनदा वाचला. "त्या दिवशी नाकाचं का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मला वाटलं, सर्दी आहे."

"आणि नंतर?"

शहाजीनं पिशवीचे कान मुठीत गोळा केले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दिवा लावून नाकात बघितलं, आणि कपाटातून तपकिरी बाटल्यांचा खोका काढला. एक नाकपुडी दाबून धरायला लावून त्या एकेक बाटली नाकाखाली धरू लागल्या. वास आला? नाही. आता? नाही. हा? नाही. खरं बोलणं किती सोपं आहे याचं शहाजीला नवल वाटलं. प्रत्येक नाहीबरोबर छातीवरचं एकेक ओझं उतरत होतं, आणि बाई प्रत्येक नाही लिहून घेत होत्या. त्याच्या मनात आलं, या बाई चांगल्या आहेत, या लिहितील. मग त्यांनी शेवटची बाटली घेतली. तिचं बूच काढताना त्यांनी स्वतःचं तोंड बाजूला फिरवलं. ते शहाजीनं पाहिलं, आणि तो आतून सावध झाला. आली. पोपट म्हणाला होता ती ही.

बाटली नाकाखाली आली आणि डोक्यात कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारावी तसं झालं. जीभ टाळूला गेली. श्वास अर्ध्यावर थांबला. पापणी हलली नाही. "काही जाणवलं?" बाईंनी विचारलं. "नाही." बाईंनी बाटली दुसऱ्या नाकपुडीला धरली, जरा जास्त वेळ. "मी वास विचारत नाही," त्या सावकाश म्हणाल्या, लहान मुलाला सांगावं तशा. "झोंबलं? जळजळलं? काहीही. नीट आठवून सांगा." शहाजीला जयमालाची मूठ दिसली. परत. पापणी हलली, परत. "काही नाही, मॅडम," तो म्हणाला.

"तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"रात्री झोप झाली नाही."

बाईंनी बूच लावलं आणि लिहायला घेतलं. या वेळी एका नाहीला लागावं त्याहून कितीतरी जास्त वेळ त्या लिहीत होत्या. शहाजी त्यांच्या पेनाकडे बघत होता. त्याला अजून वाटत होतं, की आपलं काम फत्ते झालं. पेन थांबेना तसं मात्र त्याला राहवलं नाही. "काय लिहिलंत, मॅडम?"

बाईंनी चष्मा काढला. "या बाटलीत अमोनिया आहे. तो नाकाला नुसता वासानं कळत नाही, झोंबण्यानंही कळतो. ज्याचं वासाचं सगळं गेलंय त्यालाही हा झोंबतोच. ज्याला खरंच वास येत नाही तो म्हणतो, वास नाही, पण झोंबलं. हेसुद्धा नाही म्हणतो तो फक्त सोंग करणारा." त्या जरा थांबल्या. "त्यासाठीच ही बाटली शेवटी असते."

व्हरांड्यात कुणाचं तरी मूल रडत होतं. शहाजीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर अजून काही हललं नव्हतं. शिकलेलं इतक्या लवकर जात नाही. "झोंबलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "लई झोंबलं."

"आता सांगताय."

"मला वाटलं, झोंबलं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, याला वास येतो."

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

 पोपटचं नाव घ्यावं तर तो आपल्या भल्यासाठीच झटला होता. जयमालाचं नाव तर घेणंच शक्य नव्हतं. बाईंनी सुस्कारा टाकला, पुन्हा पेन उचललं, खाली एक ओळ लिहिली आणि ती त्याला वाचून दाखवली. चाचणीचा अर्थ समजावून सांगितल्यानंतर रुग्णाने झोंबल्याचे सांगितले. "एवढंच लिहिता येईल मला," त्या म्हणाल्या. "कदाचित तुम्ही खरं बोलत असाल." त्यांनी कागद फायलीत घातला आणि घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं.

परतीच्या बसमधे त्याला बसायला जागा मिळाली. खाडीपूल आला, गेला, वाशी आली, गेली, आणि प्रत्येक स्टॉपवर तो त्या खोलीत परत जाऊन बसत होता. बाटली येत होती, आणि तो म्हणत होता, वास नाही मॅडम, पण बाप रे, झोंबलं. इतकं साधं होतं. नुसतं ओरडायचं होतं, बाम लावल्यावर ओरडला होता तसं. त्या दिवशी जो शहाजी ओरडला त्याला जर कुणी तसाच उचलून इस्पितळात नेलं असतं, तर आज भिंतीवर लावण्यासारखा कागद हातात असता. त्याला कुणी फसवलं नव्हतं. शेठनं नाही, डॉक्टरनं नाही. खरं बोलायला जाताना त्यानं खोट्याची तालीम केली होती, आणि तीही जिवाभावाच्या माणसासमोर बसून. पावण्याचा नाला आला तेव्हा बसमधे पुन्हा सगळ्यांचे रुमाल वर गेले. या वेळी शहाजीनंही लावला, डोळ्यांपर्यंत ओढून लावला, आणि त्याच्या आड चेहरा सैल सोडून दिला. लोकांचे रुमाल खाली आले तरी त्याचा तिथंच होता. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पुढं आलो आपण, काढा आता," आणि त्यानं मान हलवली, पण काढला नाही.

जयमाला दारातच होती. आज ती पोळ्यांना गेली नव्हती. त्यानं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला, आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटची बाटली, झोंबणं, आपलं नाही, बाईंची ओळ. ती भिंतीला टेकून ऐकत होती. 

"म्हंजे येतं तुमाला," ती म्हणाली.

"वास नाही गं. झोंबतं. वास वेगळा, झोंबणं वेगळं. डॉक्टर म्हणाल्या ना."

"डाक्टर म्हनाल्या, सोंग करनारा."

"जया..."

"न्हाई, म्या काय म्हनत न्हाई." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "पन तवा रोज म्हनायचात की, मस्त वास सुटलाय. म्या एवडी खूश हुयाची. आन आता कांदा लावला तरी तुमचं तोंड हलत न्हाई. म्या समोर बसून बघितलंय. मानसाला आसं जमतं, ह्ये मला ठावं नव्हतं." मग तिनं वर बघितलं. "कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. पैशाचं ऱ्हाऊ द्या. मला एकटीला खरं सांगा. येतो का वास?"

"नाही येत," शहाजी म्हणाला. "आईशपथ नाही येत."

"बरं," ती म्हणाली. आजारी माणसाला, दारूड्याला, हट्टी पोराला म्हणतात तसं ते बरं होतं. ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली.

तो खाटेवर आडवा झाला. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं होतं, शेजारी केबलवर कुठलंतरी गाणं चालू होतं. त्यानं डोळे मिटले. झोप येणार नव्हती. पण डोळे उघडे ठेवून काय बघायचं? स्वयंपाकाच्या कोपऱ्यात स्टोव्ह विझवल्याचा आवाज झाला. एक डबा उघडला, अगदी हळू, झाकण वाजू नये अशा बेतानं. मग पावलं, अनवाणी, थांबत थांबत आलेली. आणि मग बांगड्यांची किणकिण. दुसऱ्या हातानं दाबून धरलेली, तरी त्याला ओळखू येणारी. ती जवळ आली, आणखी जवळ आली, आणि त्याच्या नाकापाशी येऊन थांबली.

त्यानं डोळे उघडले नाहीत. तिच्या मुठीची ऊब त्याला वरच्या ओठावर कळत होती. मुठीत काय आहे ते कळत नव्हतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघते आहे हे मात्र त्याला डोळे मिटूनही दिसत होतं, आणि चेहऱ्याचं आता काय करावं हे काही केल्या सुचत नव्हतं. हलावं, तर सापडला. न हलावं, तर तेच तर तिनं त्याला शिकवलं होतं. तो तसाच पडून राहिला, श्वास घेत, आणि ती मूठही बराच वेळ तशीच राहिली.